ॲट्रॅक्टा टॅन्सी होडीत बसते

मे महिना सरत आला आणि आमच्या लॉख ॲरो तळ्यावर मे-माशीचे थवे उठले, म्हणजे मासे वर यायचा हंगाम सुरू झाला, की दर संध्याकाळी ॲट्रॅक्टा टॅन्सीच्या स्वयंपाकघराचा पडदा पडायचा. माझं सगळं आयुष्य फिरत्या नाटक कंपनीत गेलं. पडदा पडला की खेळ संपतो, हे माझ्या हाडात मुरलेलं. या घरात मात्र पडदा पडला की खेळ सुरू व्हायचा. खालच्या रस्त्यानं पुरुष मंडळी गळाच्या काठ्या खांद्यावर टाकून धक्क्याकडे निघायची, होड्या सुटायच्या, वल्ह्यांचा आवाज लांब जायचा. मग तो पडदा हळूच बाजूला व्हायचा आणि काचेमागे तिचे लाल केस दिसायचे.

कारण अगदी साधं. मासे धरायला निघालेल्या माणसाला वाटेत लाल केसांची बाई दिसली, तर आमच्याकडे तो तिथूनच घरी परततो. त्या दिवशी गळाला काही लागणार नाही, हे ठरलेलं. तुम्ही हसाल. मी नाही हसत. आमच्या कंपनीत पडद्यामागे कुणी शीळ घातली, तर त्याला बाहेर काढून, जागच्या जागी गिरक्या घ्यायला लावून, शिवी देऊन मग आत घ्यायचे. मी स्वतः राजाच्या वेशात, मुकुटासकट, पावसात गिरक्या घेतल्या आहेत. ज्याचं पोट लोकांच्या टाळ्यांवर किंवा माशाच्या मर्जीवर चालतं, तो कशाकशाला घाबरेल याचा नेम नसतो.

ॲट्रॅक्टा हे आमच्या भागातल्या संतिणीचं नाव. तिच्या वयाच्या निम्म्या बायकांना ते मिळालेलं आहे. ते केस मात्र तिला एकटीलाच मिळाले. लहान होती तेव्हा तिचे वडील कोलमन एकदा तंबाखूची पुडी घरीच विसरून गेले. ही पोर पुडी घेऊन पळत धक्क्यावर गेली. वारा अगदी हवा तसा होता, तळ्यावर बारीक लाट होती, तीन होड्या सुटायच्या बेतात होत्या. हिला बघितलं आणि माणसं एकेक करून काठ्या आवरायला लागली. कुणी रागावलं नाही, कुणी ओरडलं नाही. टोपीला हात लावून, "काय गं पोरी, बरी आहेस ना?" म्हणत सगळे घरी गेले. वडिलांनी पुडी घेतली आणि म्हणाले, "चल, आपणही जाऊ." वाटेत त्यांनी तिचा हात सोडला नाही.

"तीन होड्या परतवल्या मी, लॉर्कन," ती मला सांगायची. "हातात वल्हं नसताना. कुठल्या दर्यासारंगाला जमलंय?"

आणि खदखदून हसायची. पुढे वडिलांनी तिला त्याच खिडकीपाशी बसवून गळाची खोटी माशी बांधायला शिकवलं. गळाच्या आकड्यावर रेशमाचा दोरा गुंडाळायचा, कोंबड्याच्या मानेवरचं पीस आडवं बसवायचं, आणि अशी माशी करायची की वरून बघणाऱ्या माणसापेक्षा खालून बघणारा मासा फसला पाहिजे. तिची सगळ्यात गाजलेली माशी म्हणजे पांढरट अंगाची आणि दोन्ही बाजूंना काळे पंख पसरलेली. मे-माशीची मादी अंडी घालून दमते आणि संध्याकाळी पाण्यावर अशीच पंख पसरून पडते. तळ्यावर त्या माशीला सगळे 'टॅन्सीची काळी' म्हणतात. तिच्या माश्यांवर या तळ्यातले किती ट्राउट मासे निघाले असतील, देव जाणे. लोक तिला मानायचे. चांगला मासा मिळाला की तिच्या दारात आणून द्यायचे, ती तो लोण्यात परतायची, आम्ही दोघं-तिघं बसून खायचो. तिचा नवरा डर्मट बसवर कंडक्टर होता. माणूस सोन्यासारखा, पण आंघोळीच्या टबातसुद्धा त्याला गरगरायचं. तो गेला तरी तिचं माश्या बांधणं सुरूच राहिलं. आणि एवढ्या वर्षांत ती एकदाही होडीत बसली नव्हती. तिची माशी मासा कसा घेतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

यंदा जूनच्या सुरुवातीला एका दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली. हातात बॉइलच्या दुकानातली कागदी पिशवी.

"लॉर्कन, तू आयुष्यात किती केस रंगवलेस?"

"स्वतःचे की दुसऱ्यांचे?"

"चावटपणा पुरे. माझे रंगवायचेत."

तिनं पिशवीतून खोकं काढून टेबलावर आपटलं. त्यावर एक तरुण मुलगी तांबडे केस उडवत हसत होती. ॲट्रॅक्टाचे केस एव्हाना पांढरेशुभ्र झाले होते, धुतलेल्या लोकरीसारखे.

"कुठं लग्नबिग्न आहे का?" मी विचारलं.

"बार्टलीच्या होडीत जायचंय. आज संध्याकाळी."

बार्टली क्रायन म्हणजे आमच्या काठावरचा सगळ्यात जुना नावाडी. पाऊणशेच्या घरातला, बिनलग्नाचा, नाकासमोर वल्हवणारा. तो होडी कधी उलटी वळवत नाही, सूर्य फिरतो त्याच बाजूनं वळवतो, त्यासाठी अख्ख्या बेटाला वळसा पडला तरी चालेल. लाल केसांच्या बाबतीत तर त्याच्याइतका कडक कुणी नाही.

"बार्टलीनं बोलावलं? तुला?"

"परवा दुकानात भेटला. म्हणाला, ॲट्रॅक्टा, आता तुझे केस पांढरे झालेत, आता काही हरकत नाही, ये की एक दिवस होडीत." ती खुर्चीत बसली. "अगदी प्रेमानं म्हणाला हो. डोळ्यांत पाणी होतं मेल्याच्या. मी हो म्हटलं, घरी आले, आणि मग अशी आग झाली अंगाची! हरकत नाही म्हणे. म्हणजे मी म्हातारी व्हायची वाट बघत होते सगळे."

"मग न रंगवता जा आणि मासा धरून दाखव."

"आणि मग काय म्हणतील? बघा, केस पांढरे झाले आणि मासा आला, म्हणजे आपलं खरंच होतं. नाही. मला लाल केसांनीच जायचंय."

"आणि नाही मिळाला मासा तर?"

 खोकं तिनं टेबलावर गोल फिरवलं.

"तर त्यांचं खरं. मी पडदा ओढीन आणि पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही. पण एकदा मला माशांच्या तोंडून ऐकू दे, लॉर्कन. आजवर नाही म्हणालीत ती सगळी माणसंच होती."

यावर कुठला नट गप्प बसेल? मी बाह्या सारल्या. तिच्या खांद्यावर जुना टॉवेल टाकला आणि रंग कालवला. खोक्यावर लिहिलं होतं की थोडा वेळ ठेवून धुवायचा. आता चूक झाली ती अशी की मी चहा टाकला. चहाबरोबर मी एक गोष्ट काढली. आमची कंपनी गॉलवेत असताना वादळात तंबू उडाला आणि मी सासूच्या वेशात खांबाला मिठी मारून उरलेला प्रवेश पूर्ण केला, ती. गोष्ट लांबते, आणि ती चांगली सांगायची तर मधे घड्याळ बघता येत नाही. तिच्या केसांना पाणी लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पांढऱ्या केसांत रंग अंमळ जास्तच उतरतो.

ती आरशापुढे उभी राहिली. पेटलेली गवताची गंजी तुम्ही पाहिली असेल, तर मला वेगळं सांगायला नको. लहानपणीसुद्धा तिचे केस इतके लाल नव्हते.

"देवा रे," मी म्हणालो. "जरा अतीच झालं."

तिनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं.

"राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "कमी लाल असते तर उगाच शंकेला जागा राहिली असती."

संध्याकाळी डोक्याला घट्ट रुमाल बांधून ती धक्क्यावर आली. वडिलांची जुनी काठी हातात, खिशात माश्यांचा डबा. मी पुढच्या फळीवर बसलो, ती मागे, मधे वल्ह्यांवर बार्टली. त्यानं नवी टोपी घातली होती. मी त्याला नव्या टोपीत फक्त प्रेतयात्रांना पाहिलं आहे.

"बस नीट," तो तिला म्हणाला. "घाबरू नकोस. मी आहे."

"मी कशाला घाबरू? मला पोहता येतं. तुला येतं का?"

"मला गरज नाही. मी होडीतून पडत नाही."

वारा अजून होता, त्यामुळे खरी मासेमारी सुरू व्हायला अवकाश होता. संध्याकाळच्या माशीचं असं आहे, की वारा पडला पाहिजे. दिवसभर झाडांच्या आडोशाला नाचणाऱ्या माद्या वारा पडला की तळ्यावर येतात, अंडी घालतात आणि पाण्यावर पडतात. मग ट्राउट वर येतात आणि एकेक उचलतात, फार आवाज न करता, चहाचा शेवटचा घोट घ्यावा तसं. म्हणून सगळ्या होड्या त्या वेळी बेटांच्या आडोशाला थांबून असतात. आम्ही शेळ्यांच्या बेटाकडे निघालो. त्या बेटावर शेळी कुणी कधी पाहिलेली नाही.

बेटाच्या जरा अलीकडे ॲट्रॅक्टानं वल्हवणं थांबवायला सांगितलं.

"बार्टली, मला तुला काहीतरी दाखवायचंय. लपवून बसायला मला आवडत नाही."

आणि तिनं रुमाल सोडला.

मी मोठमोठ्या रंगमंचांवर मोठमोठे क्षण पाहिले आहेत, पण सूर्य समोरून येत असताना, मागे सगळं तळं चकाकत असताना झालेला असा प्रवेश मी पाहिलेला नाही. बार्टलीचं एक वल्हं निसटलं. त्यानं क्रूसाची खूण केली, घाईत उलटी झाली म्हणून पुन्हा केली.

"हे काय केलंस गं बाई?"

"मी नाही. लॉर्कननं."

"मी फक्त चहा केला," मी म्हणालो.

"मी परत फिरवतो होडी." तो निसटलेलं वल्हं पकडत म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. अगं, माझा बाप, त्याचा बाप..."

"काय म्हणायचा तुझा बाप? नीट सांग. शब्दन् शब्द."

"धक्क्यावर जाताना वाटेत लाल केसांची बाई भेटली तर माघारी फिरावं."

"वाटेत भेटले का मी तुला?"

"नाही."

"मग? होडीत निघाली तर काय करावं म्हणायचा?"

बार्टलीनं टोपी काढून डोकं खाजवलं. या प्रश्नाचा विचार क्रायन घराण्यात पिढ्यान् पिढ्या कुणी केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"याबद्दल तो काही बोलला नाही," तो शेवटी म्हणाला.

"मग बापाचा शब्द मोडत नाही तू. चल, वल्हव."

"एकच संध्याकाळ," बार्टली म्हणाला. "आणि सूर्य डोंगरामागे गेल्यावर माशी दिसेनाशी झाली, की परत. मासा नाही आला तर मला बोल लावायचा नाही."

"तुला नाही लावणार. मासा नाही आला तर तू सांग सगळ्यांना, की ॲट्रॅक्टा टॅन्सीनं स्वतः जाऊन खात्री करून घेतली."

हे ती हसत म्हणाली, आणि डब्यातून काळी माशी काढून दोरीला बांधू लागली.

शेळ्यांच्या बेटामागची खाडी म्हणजे संध्याकाळची सगळ्यात चांगली जागा. तिथं आधीच तीन होड्या थांबलेल्या होत्या. पहिल्या होडीत मॅलकी ड्रूरी. हा आमच्या मच्छीमार मंडळाचा अध्यक्ष. आवाज असा, की आमच्या कंपनीत असता तर ढग गडगडायचं काम त्यालाच दिलं असतं.

"बार्टली!" तो ओरडला. "तुझ्या होडीत काय पेटलंय?"

"ॲट्रॅक्टा आहे!"

"डोक्याला काय झालंय तिच्या?"

"लॉर्कननं चहा केला!" बार्टली ओरडला, आणि हे उत्तर तिथं कुणाला पुरेसं वाटलं नाही.

मॅलकी होडीत उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उभा राहिला. "ॲट्रॅक्टा, तुझ्याबद्दल मला आदर आहे हं! तुझ्याच माश्या आहेत माझ्या डब्यात! पण हे बरं नाही केलंस! हंगामातली इतकी चांगली संध्याकाळ आहे ही!"

"मग बस की, मॅलकी! मी काय तुझा मासा खाते का?"

"खाडीच वाया गेली!" तो म्हणाला, आणि त्यानं इंजिन सुरू केलं. त्याच्यामागून दुसरी होडी निघाली, तिच्यामागून तिसरी. जाताना प्रत्येकानं टोपीला हात लावला. आमच्याकडची माणसं सभ्यपणा सोडत नाहीत. तिघेही लांब पलीकडच्या काठाला गेले, जिथं वारा अजून सुटलेला होता.

ॲट्रॅक्टा त्यांच्या पाठी बघत राहिली. तिचा चेहरा पडला. पुन्हा तीन होड्या. तिला तो लहानपणचा दिवस आठवला असणार, आणि मी काहीतरी विनोद करणार इतक्यात बार्टलीच खाकरला.

"अख्खी खाडी आपल्याला सोडून गेली गाढवं," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य होतं. "या वेळेला. चाळीस वर्षांत मला ही खाडी एकट्याला मिळाली नाही."

मग वारा पडला. कुणी सांगून पडत नाही, एकाएकी लक्षात येतं की पाण्याची सळसळ थांबली आहे. खाडी काचेसारखी झाली. हेझलच्या झाडांवरून माद्या येऊ लागल्या, आधी एकदोन, मग धूर उतरावा तशा. त्या पाण्याला टेकायच्या, उडायच्या, पुन्हा टेकायच्या, आणि मग पंख पसरून पडून राहायच्या. इंजिनांनी ढवळलेलं पाणी आता निवळलं होतं, आणि बेटाच्या सावलीत पहिलं वर्तुळ उमटलं. मग दुसरं. एक ट्राउट आमच्याकडे तोंड करून येत होता, माशी उचलत, दोन हात पुढे, माशी उचलत.

"त्याच्या पुढे टाक," बार्टली कुजबुजला. "तो आहे तिथं नाही, तो जाणार आहे तिथं."

तिनं दोरी सोडली. दोरी टाकायला ती शिकलेली होती. कोंबड्यांच्या मागच्या कुरणात वर्षानुवर्षं ती काठी फिरवायची, आणि कोंबड्या तिला काही म्हणायच्या नाहीत. तिची काळी माशी पाण्यावर इतकी हलकी पडली की वर्तुळसुद्धा उमटलं नाही. मासा आला. पाण्यात एक खळगा पडला, माशी गेली, आणि ॲट्रॅक्टानं दोन्ही हातांनी काठी वर ओढली.

दोरी सुटून तिच्या मांडीवर येऊन पडली.

"लवकर उचललीस," बार्टली म्हणाला.

दुसरा मासा पुष्कळ वेळानं आला, आणि दुसराही तसाच गेला. त्यानं तर तोंडात घेतली होती, मी पाहिली. सूर्य डोंगराला टेकला. पलीकडून मॅलकीच्या होडीतलं हसणं पाण्यावरून ऐकू येत होतं.  ॲट्रॅक्टानं माशी हातात घेऊन तिचे पंख पुन्हा सरळ केले, आणि मला वाटलं आता ही म्हणणार, चला घरी.

"ऐक," बार्टली एकदम म्हणाला. त्यानं वल्ही आत घेतली आणि तिच्याकडे वाकून बसला. "घाई होतेय तुझी. मासा वर येतो, माशी घेतो, आणि खाली वळतो. तो वळल्यावर काठी उचलायची. आमच्या घरात यासाठी एक वाक्य आहे. बाप मला शिकवायचा. मासा आला की मनात म्हणायचं, देवा, माझ्या म्हाताऱ्या बापाला सुखात ठेव. पूर्ण म्हणायचं. मग उचलायची. प्रत्येक घराचं वेगळं असतं."

बापाचं वाक्य कुणी असं दुसऱ्याला देत नाही. मला ते माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. 

"टॅन्सींचं नाही काही. डर्मट होडीत बसतच नव्हता. आणि बाबांनी मला होडीत घेतलंच नाही, त्यांचं मला ठाऊक नाही."

"मग तुझं तू कर. पण लांबीला तेवढं पाहिजे."

प्रकाश आता सायीसारखा झाला होता. खाडीच्या तोंडाशी, अगदी बेटाच्या दगडांलगत, एक मासा माश्या उचलत होता. याचं वर्तुळ लहान होतं, पण पाण्यातून पाठ दिसली ती सावकाश निघाली आणि सावकाश गेली. बार्टलीनं एका वल्ह्यानं होडी नुसती ढकलली.  तिनं दोरी डोक्यावर एकदा फिरवली, दोनदा, आणि माशी दगडाच्या कडेला सोडली.

काळी माशी तिथं पडून राहिली, बाकीच्या मेलेल्या माश्यांमध्ये, त्यांच्यातलीच एक होऊन. मग पाणी फुगलं आणि ती नाहीशी झाली.

"बार्टली क्रायन," ॲट्रॅक्टा मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द उच्चारत म्हणाली, "हा सबंध काउंटीतला सगळ्यात मोठा गाढव आहे."

आणि तिनं काठी उचलली.

काठी वाकली ती पार मुठीपर्यंत. काठीवरची दोरीची चरखी किंचाळायला लागली. मासा तळ्याच्या मध्याकडे निघाला तो थांबेना.

"सोड! सोड त्याला, ओढू नकोस!" बार्टली.

"सोडलंय! तू होडी फिरव!"

"काठी वर! वर, अगं वर!"

"वरच आहे! तू मला शिकवू नकोस, वल्हव!"

मासा होडीखाली शिरला. बार्टलीनं होडी गर्रकन वळवली, आणि उलटी वळवली, सूर्याच्या विरुद्ध, आयुष्यात पहिल्यांदा. त्याला कळलंसुद्धा नाही. मी जाळं घेऊन उभा राहिलो तर दोघंही एकदम माझ्यावर ओरडली, "खाली बस!" एवढी कडक सूचना मला कुठल्या दिग्दर्शकानं दिली नव्हती. मी बसलो. मासा पाण्याबाहेर उडाला, सगळाच्या सगळा, पिवळ्या पोटाचा, ठिपक्याठिपक्यांचा, आणि परत पडला तेव्हा तिघांच्याही तोंडावर पाणी उडालं. मग तो दमला. तिनं त्याला हळूहळू आणलं, आणि बार्टली जाळं घेऊन इतका वाकला की मला त्याचा पट्टा धरून ठेवावा लागला.

"आला," तो म्हणाला.  "आला, आला, आला."

ॲट्रॅक्टा गुडघ्यांवर बसली आणि जाळ्यात वाकून बघू लागली. माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात तिची माशी होती. एक पंख मोडलेला, एक तसाच पसरलेला.

"अशी बसते होय," ती म्हणाली. "कोपऱ्यात. मला वाटायचं मध्यभागी."

तिनं दोन बोटांनी आकडा सोडवला. बार्टली मासा मारायचा दांडका शोधायला लागला.

"दांडका राहू दे," ती म्हणाली. "जाऊ दे याला."

"जाऊ दे? अगं, धक्क्यावर काय दाखवशील? रिकाम्या हातानं गेलीस तर मॅलकी सगळ्या गावात वाजवील! यासाठीच तर आलीस ना तू?"

"लोण्यात परतलेले ट्राउट मी आयुष्यभर बघितलेत, बार्टली. घरी जाताना एकही बघितला नाही."

तिनं जाळं पाण्यात तिरकं केलं. मासा तिच्या हातांमध्ये क्षणभर तसाच थांबला, कल्ले हलवत. मग शेपटीचा एक फटका, आणि खाली हिरव्या पाण्यात त्याची पाठ विरघळत गेली. ती किती तरी वेळ तिथंच बघत होती. हात कोपरापर्यंत भिजलेले, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणतो, कारण माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

धक्क्यावर आलो तेव्हा तिन्ही होड्या लागलेल्या होत्या. पलीकडच्या काठाला वाऱ्यानं त्यांचं काही चालू दिलं नव्हतं. माणसं सिगारेटी ओढत उभी होती. मॅलकीनं आमच्या होडीत वाकून बघितलं. जाळं रिकामं, फळी रिकामी.

"काही नाही ना?" तो म्हणाला. आवाज मोठा होता, पण बोलणं मऊ होतं. "वाईट वाटून घेऊ नकोस, ॲट्रॅक्टा. काही गोष्टी असतात तशा असतात."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतंच, पण नटाच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवतो? आणि तिनं स्वतः सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, ती सांगणारच की. उरला एकटा बार्टली. तो होडी बांधत होता. त्यानं गाठ मारली, ती ओढून बघितली, नवी टोपी सरळ केली आणि वर आला.

"मासा मिळाला," तो म्हणाला. "बेटाच्या दगडापाशी. तिच्या काठीवर, तिच्या माशीवर. जाळं मी घातलं. एवढा." त्यानं हात पसरले. मासा मोठा होता, पण एवढा नव्हता. "तिनं सोडला. मीच खाडीत होतो, मीच बघितला. कुणाला शंका असेल तर मला विचारा."

क्रायनच्या तोंडून हे ऐकून धक्क्यावरचे सगळे पुढे सरकले. ज्या माणसानं वाटेत साधा तांबडा कोंबडा दिसला म्हणून होडी परत फिरवली होती, तो हे सांगत होता.

"लाल केस असताना?" मॅलकीनं विचारलं.

"तुला डोळे आहेत ना? पांढरे दिसतात का?"

मॅलकीनं ॲट्रॅक्टाकडे पाहिलं, बार्टलीकडे पाहिलं, आपल्या रिकाम्या होडीकडे पाहिलं. अध्यक्ष असला तरी माणूस व्यवहारी.

"ॲट्रॅक्टा," तो घसा साफ करत म्हणाला, "उद्या संध्याकाळी, म्हणजे तुला वेळ असला तर, माझ्या होडीत मागची जागा मोकळी आहे. गादी पण आहे."

"गादी आहे का?" तिनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"ती उद्या माझ्या होडीत आहे," बार्टली तिची काठी स्वतःच्या खांद्यावर टाकत म्हणाला. "परवाही. तुम्ही आपापली लाल केसांची बाई शोधा."